कच्चे खावे, पण किती आणि कसे?

गेल्या माघातली गोष्ट. सकाळी साडेसहाच्या सुमारास दवाखान्याच्या दारावर थापा पडल्या. खाली येऊन पाहतो तो रिक्षात आमच्या गावातले एक सेवानिवृत्त शिक्षक, शेजारी त्यांच्या पत्नी रडवेल्या. गुरुजींचा सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि ते मला कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने हाका मारत होते. बोटाला टोचून साखर पाहिली, ४८ निघाली. साखरेचे पाणी गिळण्याच्याही अवस्थेत ते नव्हते, म्हणून शिरेतून ग्लुकोज दिले. दहा मिनिटांत गुरुजी भानावर आले आणि पहिले वाक्य बोलले ते असे, "डॉक्टरसाहेब, काळजीचं कारण नाही. शरीर विष बाहेर टाकत होतं."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गावात तीन दिवसांचे एक आरोग्य शिबिर झाले होते. तिथे सांगण्यात आले की अग्नीने अन्न मरते, मेलेले अन्न खाऊन माणूस रोगी होतो, म्हणून चूल बंद करा आणि सगळे कच्चे खा. सुरुवातीला थरथर, घाम, चक्कर, जुलाब असे काही झाले तर घाबरू नका, तो आतला मळ बाहेर पडण्याचा उद्रेक असतो. गुरुजी निष्ठावान माणूस. सोमवारपासून त्यांनी पोळी, भाकरी, भात, वरण सगळे सोडले. सोडली नाही ती मधुमेहाची गोळी, कारण "गोळी डॉक्टरांनी दिली आहे, ती कशी सोडणार?" ग्लिमेपिराइड नावाची ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी गेली की नाही याची चौकशी ती करत नाही. चौथ्या दिवशी पहाटे गुरुजी फिरायला निघाले आणि कोपऱ्यावर बसकण मारली. शेजाऱ्याचे लक्ष गेले म्हणून वाचले. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, एकदा साखर वर आली तरी ती पुन्हा उतरते, म्हणून दिवसभर त्यांना दवाखान्यातच ठेवून घेतले.

हे सांगून मी कच्च्या आहाराविरुद्ध तोफ डागणार, असे वाचकांना वाटेल. तसे नाही. संध्याकाळी घरी जाताना गुरुजी म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात तर सोडतो, पण चार दिवसांत पोट इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं." मी नको म्हणालो नाही. पुढचे चार महिने आम्ही दोघांनी मिळून हा प्रयोग केला. दोघांनी म्हणजे मीही. वजन ८६ किलो, वय पंचावन्न, आणि तीस वर्षे प्रत्येक रुग्णाला "कोशिंबीर भरपूर खा" असे सांगत आलेला मी स्वतः दुपारी ताटातली कोशिंबीर चमचाभर चाखून बाजूला सारत होतो, ही गोष्ट कबूल केलेली बरी.

विचार नवा नाही

न शिजवलेले अन्न, ज्याला निसर्गोपचारात अपक्वाहार म्हणतात, ते काही मोबाइलवरच्या व्हिडिओंनी आणलेले नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे डॉ. बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांना किसलेले सफरचंद, भिजवलेले ओट, लिंबू आणि बदाम-अक्रोड यांचे मिश्रण द्यायला सुरुवात केली. आज डब्यात मिळणाऱ्या म्यूसलीचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडे महात्मा गांधींनी हा प्रयोग दोनदा केला. पहिला १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला असताना. तो थोड्याच दिवसांत सोडावा लागला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्याची हकीकत लंडनच्या 'व्हेजिटेरियन' या नियतकालिकात मोकळेपणाने लिहिली. दुसरा १९२९ मध्ये साबरमती आश्रमात, सहकाऱ्यांना बरोबर घेऊन. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कच्ची पाने, लिंबू, मध असा आहार होता. वजने उतरली, अशक्तपणा आला आणि स्वतः गांधीजींना आव झाली. त्याच वर्षी त्यांनी प्रयोग थांबवला आणि तेही 'यंग इंडिया'तून जाहीरपणे सांगितले. पुढे १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू करणारा हाच माणूस. म्हणजे निसर्गोपचारावरची श्रद्धा कायम ठेवूनही फसलेला प्रयोग फसला असे म्हणता येते. शिबिरातल्या वक्त्यांनी गांधीजींचे नाव घेतले होते, असे गुरुजी सांगत होते. आवेची हकीकत मात्र सांगितली नव्हती.

कच्च्यात काय आहे, काय नाही

क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि भाजीच्या पाण्याबरोबर मोरीत जाते. पेरू, आवळा, लिंबू, कोथिंबीर, कोबी हे कच्चे खाल्ले तर ते पुरेपूर मिळते, आणि त्याच्या सोबतीने धान्य-कडधान्यातले लोहही अधिक शोषले जाते. दुसरा फायदा चोथ्याचा, म्हणजे तंतुमय पदार्थांचा. काकडी, गाजर, मुळा चावायला वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव लवकर होते, साखर रक्तात सावकाश चढते आणि सकाळी कोठा साफ होतो. तिसरा फायदा कुणी सांगत नाही. कच्च्या पदार्थात आपण तेल कमी वापरतो. आपल्या रस्साभाजीवर तरंगणारा तवंग कोशिंबिरीवर तरंगत नाही.

आता दुसरी बाजू. गाजरातले बीटा कॅरोटीन, ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते, ते शिजवलेल्या आणि थोडे तेल घातलेल्या गाजरातून जास्त मिळते. टोमॅटोतल्या लायकोपीनचेही तसेच. धान्य आणि डाळीतला पिष्टमय भाग न शिजवता आपल्या आतड्याला नीट पचवता येत नाही. गाईला चार कप्प्यांचे पोट आहे आणि दिवसभर रवंथ करायला वेळ आहे. माणसाचे दात लहान, जबडा नाजूक, मोठे आतडे आखूड. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगहॅम यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले आहे की अन्न शिजवू लागल्यामुळेच मानवाच्या पूर्वजांना मोठा मेंदू पोसता आला. सगळ्या शास्त्रज्ञांना ते तंतोतंत मान्य नसेल, पण अग्नी हा माणसाचा शत्रू आहे, असे म्हणणारा शास्त्रज्ञ मला तरी भेटलेला नाही.

साधा हिशेब करून पाहा. बेताचे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला अठराशे उष्मांक लागतात असे धरू. शंभर ग्रॅम काकडीत सुमारे पंधरा उष्मांक असतात. नुसत्या काकडीवर राहायचे तर दिवसाला बारा किलो काकडी खावी लागेल. गुरुजींचा चार दिवसांचा आहार मी लिहून घेतला. सकाळी वाटीभर मोड आलेले मूग, दुपारी काकडी, गाजर, कोबी, चार वाजता एक पेरू, रात्री पपई. कसेबसे पाचशे-सहाशे उष्मांक. हे पोट हलके वाटणे नव्हते, हा उपास होता, आणि उपासाला गोळी चालू होती.

वर्षानुवर्षे केवळ कच्चे खाणाऱ्यांचे काय होते? जर्मनीत गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ५१३ स्त्री-पुरुषांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. वजने पुष्कळ उतरली होती, दर चार स्त्रियांत एक अतिकृश होती, आणि पंचेचाळीस वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झाली होती. २००५ मध्ये त्याच गटाने २०१ जणांचे रक्त तपासले. वाईट कोलेस्टेरॉल छान कमी होते. पण चांगले कोलेस्टेरॉलही कमी होते, आणि ३८ टक्के लोकांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून येते. आपल्याकडे परिस्थिती आधीच नाजूक आहे. पुणे शहर आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची जी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत दोन तृतीयांश पुरुषांचे ब-१२ कमी आढळले होते, आणि ते सगळे शिजवलेले खाणारे होते. त्यातून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतली तर ब-१२ आणखी उतरते. हातापायांना मुंग्या, जीभ लाल, विसराळूपणा अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी हल्ली पहिला प्रश्न विचारतो तो दूध-दह्याचा.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. ताटाचा निम्मा भाग कच्चा असावा, संपूर्ण ताट नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या ताटात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. आपल्या घरांत माणशी किती भाजी शिजते ते एकदा काट्यावर तोलून पाहा. माझ्या घरी मी तोललेली दिवसभराची भाजी दीडशे ग्रॅमच्या आतच होती. उरलेली अडीचशे ग्रॅम कच्च्या स्वरूपात भरून काढणे, एवढेच करायचे आहे.

हे कच्चे खाऊ नये

राजमा कधीही कच्चा किंवा अर्धवट शिजवलेला खाऊ नये. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे चार-पाच कच्चे दाणेही तीन तासांच्या आत उलट्या सुरू करायला पुरतात. भिजवून, ते पाणी फेकून, खळखळ उकळल्यावरच तो खाण्याजोगा होतो.

दुधीचा रस हा तर वेगळाच विषय आहे. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने समिती नेमली. दुधी, दोडका, काकडी या कुळातल्या वेलींत कुकुर्बिटासिन नावाचे कडू विष कधीकधी वाढते. बाहेरून काही कळत नाही. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर तो दुधी फेकून द्यावा, दुसऱ्या रसात मिसळून कडवटपणा झाकू नये, आणि चुकून प्यायल्यावर उलटी, जुलाब, रक्त असे काही झाले तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे. "कडू ते औषध" हे वाक्य इथे जिवावर बेततं.

पालकाचा कच्चा रस रोज पेला पेला पिण्याचे खूळही बरेच दिसते. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असते. ज्यांना एकदा मुतखडा झाला आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. निरोगी मूत्रपिंडेसुद्धा अशा रसांच्या माऱ्याने निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पालक परतून, भाजी करून खावा. कच्चे दूध म्हणजे अपक्वाहार नव्हे, क्षय आणि ब्रुसेलोसिस या रोगांना आमंत्रण आहे. दूध उकळूनच प्यावे.

मोड आलेल्या कडधान्याबद्दल लोकांना फार प्रेम आहे, मलाही आहे. पण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या जंतूंनी साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि पन्नासच्या वर दगावले. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांनी मोड पाच मिनिटे वाफवूनच खावेत. चव जात नाही, पोटात वायूही कमी धरतो.

आणि धुणे. भाजी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर क जीवनसत्त्व मोरीत आणि माती फटीत. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने अळ्या, किडे सुटतात, पण विषमज्वर, कावीळ यांचे जंतू त्याने मरतात हा गैरसमज आहे. कोबीची वरची तीन-चार पाने काढून टाकावीत. नाल्याच्या पाण्यावर पिकलेली पालेभाजी ओळखणे अवघड असते, तरी भाजीवाल्याला मळा कुठला ते विचारावे. पट्टकृमीची अंडी अशा भाजीतून पोटात जातात आणि त्यांची पिल्ले मेंदूत जाऊन बसतात. मग शुद्ध शाकाहारी माणसाला, ज्याच्या घरात कधी मांस शिजले नाही त्याला, अचानक फिट येते. असे रुग्ण मी पाहिले आहेत. आता पावसाळा सुरू झाला आहे. आश्विनापर्यंत पालेभाज्या शिजवूनच खा. कच्चे खायचे ते काकडी, गाजर, मुळा, बीट असे, साल काढून. फळेही केळे, पपई, डाळिंब, मोसंबी अशी सालीची.

सुरुवात कशी करावी

गुरुजींची गोळी मी कमी केली, हे पहिले काम. वाचकांपैकी कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांकडे जावे, चक्कर आल्यावर नव्हे. खिशात चार खडीसाखरेचे तुकडे ठेवावेत. घाम, थरथर, धडधड, बरळणे म्हणजे साखर उतरली, असेच समजावे आणि आधी साखर खावी. उद्रेक वगैरे शब्द नंतर.

मग ठरवले ते असे. पहिले दोन आठवडे फक्त दुपारच्या जेवणात बदल. जेवणाला बसल्यावर आधी एक मोठी वाटी कच्चे, ते संपल्यावरच भाकरी. भाकरी दोनची दीड झाली, आपोआप झाली, कुणी हिसकावून घेतली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या जेवणातही तशीच वाटी आणि चार वाजताच्या चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी एक पेरू. एकदम चोथा वाढवला की पोट फुगते, गुडगुडते, ढेकर येतात, आणि माणूस "मला कच्चे मानवत नाही" म्हणून कायमचा सोडून देतो. आतड्यातल्या जंतूंनाही नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. तीन-चार आठवड्यांत सावकाश वाढवावे आणि पाणी वाढवावे, नाहीतर चोथ्याने उलट मलावरोध होतो.

काय खायचे, यासाठी पुस्तक विकत घ्यायला नको. आपल्या आज्यांनी सगळे करून ठेवले आहे. खमंग काकडी, गाजराची कोशिंबीर, मुळ्याचा चटका, कोबीची पचडी, चैत्रातली कैरीची डाळ, कांद्याची पात, थंडीत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा. त्यांत दाण्याचे कूट, खोबरे, तीळ, जवस घातले की उष्मांक आणि स्निग्ध पदार्थही मिळतात आणि दोन तासांत भूक लागत नाही. दही घातले की ब-१२ आणि प्रथिने. चमचाभर तेलाच्या फोडणीने काही बिघडत नाही, उलट अ जीवनसत्त्व शोषायला मदतच होते. शिबिरवाल्यांना फोडणी चालत नाही. मला चालते. फोडणीवाचून मराठी माणूस चार महिने टिकेल यावर माझा विश्वास नाही. ॲव्होकाडो आणि ब्रोकोली यांच्या नादी लागून दोनशे रुपये घालवण्याची गरज नाही, आठवडी बाजारात जे स्वस्त आहे तेच ताजे असते.

दात नसतील किंवा कवळी असेल तर किसून खावे. गुरुजींच्या खालच्या दाढा नाहीत, त्यांना गाजर चावता येत नव्हते, ते गिळत होते. किसणीने तो प्रश्न सुटला.

टिकावे कसे

खरी अडचण इथे आहे. पहिला आठवडा उत्साहाचा, दुसरा कर्तव्याचा, तिसऱ्यात लग्नाचे जेवण येते. माझे तसेच झाले. अकराव्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला जिलेबी, मठ्ठा, मसालेभात असे यथास्थित झाले आणि दुसऱ्या दिवशी मनाने कौल दिला की आता मोडलेच आहे तर सोमवारपासून पुन्हा सुरू करू. तो सोमवार तीन आठवड्यांनी आला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयींवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. रोजची एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला हिशेबाने अडीचशेच्या वर. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे मी आधी वाचले असते तर तीन आठवडे वाया गेले नसते. एकवीस दिवसांत आयुष्य बदला, असे सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. बाविसाव्या दिवशीही जिभेला झणझणीत मिसळ हवी असते आणि माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. कमी मिठाची चव आवडू लागायलाही दोन-तीन महिने लागतात.

आम्हाला ज्या गोष्टींचा उपयोग झाला त्या अगदी घरगुती आहेत. चिरण्याचा कंटाळा हे सोडण्याचे सगळ्यात मोठे कारण आहे. दुपारी दवाखान्यातून भुकेला आलो की किसणी घेऊन बसायला जीव होत नाही, समोरची गरम भाकरीच आधी हाती येते. म्हणून गाजर, बीट, मुळा सकाळीच धुऊन, पुसून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचे आणि जेवायच्या वेळी नुसते किसायचे. मीठ आणि दही वाढताना घालायचे, आधी घातले की पाणी सुटते.

दुसरी गोष्ट काकूंनी सांगितली, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने. महिनाभराने त्या पायाच्या दुखण्यासाठी आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, यांचं कच्चं झालं, पण माझं काम दुप्पट झालं. नातवंडांचा स्वयंपाक वेगळा, यांचं चिरणं-सोलणं-किसणं वेगळं. चूल बंद म्हणे! चूल कुणाची बंद झाली?" मला उत्तर नव्हते. पुरुषाने व्रत घ्यावे आणि बाईने ते उजवावे, ही आपली जुनी रीत. त्या दिवशी गुरुजींना बोलावून सांगितले की जो खाईल तो चिरेल. त्यांनी आधी कुरकुर केली, मग विळीवर बसायला शिकले. आता ते अर्ध्या तासात सगळ्या घराची कोशिंबीर करतात, आणि सगळे घर ती खाते. वेगळे पथ्याचे ताट घेऊन कोपऱ्यात बसलेला माणूस फार दिवस टिकत नाही. घरच्या पंगतीत एकच भांडे फिरले तर टिकतो.

तिसरी, वजन. रोज काट्यावर उभे राहू नये. पाण्याने, जेवणाने, कोठ्याने एक-दीड किलो इकडेतिकडे होतेच आणि उगाच मन खट्टू होते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, एकाच काट्यावर. गुरुजी रविवारी यायचे, आम्ही दोघे पाठोपाठ काट्यावर चढायचो आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो. आपला आकडा दुसरा कुणी पाहणार आहे, ही गोष्ट किती काम करते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा जास्त वेगाने उतरू लागले तर मात्र खुश न होता तपासून घ्यावे.

लग्नकार्यात आम्ही एकच नियम ठेवला. पंगतीत पहिली वाढ कोशिंबिरीची मागून घ्यायची, ती खायची, मग जे आहे ते जेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाटी ठरल्याप्रमाणे. बाहेर कापून ठेवलेली काकडी, हॉटेलातले कांदा-कोबी मात्र खायचे नाही. ते कुठल्या पाण्याने धुतले हे त्या मालकालाही ठाऊक नसते.

यांनी आपल्या मनाने सुरू करू नये

मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण. फळे, टोमॅटो, शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते, आणि दुबळे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. रक्तात ते साठले तर हृदय थांबू शकते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनीही पोटॅशियम थोडे वाढते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम ही गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम उतरतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले, क्षयाचे रुग्ण, आधीच कृश असलेली माणसे यांना भरपेट शिजवलेले जेवण हवे, कोशिंबीर त्याच्या जोडीला. वर्षाच्या आतल्या बाळाला निसर्गोपचार म्हणून मध चाटवू नये.

आणि ज्याला कुणाला जुलाब, ताप, उलटी, सतत चक्कर किंवा शौचातून रक्त असे होईल त्याने "मळ पडतोय" म्हणून घरी बसू नये. निरोगी माणसाच्या शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस कामावर असतात. ती त्यासाठी थरकाप आणत नाहीत.

गुरुजींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, माघात ८.४ होती, वैशाखात ७.३ आली. वजन पाच किलो उतरले. माझे साडेतीन. याचे श्रेय कच्च्या वाटीला की कमी झालेल्या भाकरी-भाताला की पहाटेच्या फिरण्याला, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. गुरुजींना विचारले तर ते अर्थातच पहिले सांगतील. ब-१२ कमी निघाले होते, त्याची इंजेक्शने दिली. पावसाळ्यापुरते मोड वाफवून आणि मेथी शिजवून खायला त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली आहे. पुढची तपासणी श्रावणात आहे.